चितेगावला निघायचं आणि गाडी सुरू होईना

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गावात बोलबाला झाला तो नवरा डॉक्टर आहे याचा नाही, त्याच्याकडं मोटार आहे याचा. बायका आईला विचारायच्या, "मोटारवाल्याकडं दिली का हो लेक?" मीही मनातून फुलून गेले होते. मोटार म्हणजे काय, हे मला औरंगाबादला नांदायला आल्यावर कळलं.

ती काळी, कापडी छताची, बऱ्याच हातांतून फिरून आमच्या दारात आलेली गाडी होती. मागचं उजवीकडचं दार आतून उघडत नसे. पाऊस आला की माझ्या बाजूनं गळायची. युद्ध चालू होतं, पेट्रोल मोजून मिळायचं, त्यामुळं डॉक्टर गुलमंडीजवळच्या दवाखान्यात सायकलनंच जात आणि बाहेरगावचं बोलावणं आलं तरच गाडी काढत. मी त्यांना मनातल्या मनात डॉक्टरच म्हणायची. तोंडावर अर्थातच "अहो".

गाडी चालवायचे ते चाचा. साठीच्या आसपासचे, सडपातळ, दाढीला मेंदी. छावणीत राहायचे आणि रोज सकाळी तिथून चालत उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी यायचे. तरुणपणी छावणीतल्या पलटणीच्या मोटारखान्यात काम शिकलेले. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, पण मन हललं की दखनीत जायचे. मला "बाई" म्हणायचे. माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठा माणूस मला बाई म्हणतो, याचा मला पहिले काही महिने फार संकोच वाटे.

चाचा आले की आधी गाडीला हात लावायचे. बॉनेटवरून तळहात फिरवायचे, दिव्यांच्या काचा चाचपायचे, चारी चाकांना बोटं दाबून बघायचे. गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. मला वाटायचं, केवढा लळा आहे या माणसाला गाडीचा. गाडी हळू चालवायचे, हॉर्न फार वाजवायचे. डॉक्टर हसून म्हणायचे, "चाचांच्या गाडीत बसलं की आपण पोचायच्या आधीच पेशंटला बरं वाटायला लागतं."

थंडीचे दिवस होते. सकाळचे आठ वाजले असतील. मी अंगणात वाटाणे सोलत होते, तेवढ्यात फाटकाशी एक माणूस सायकलवरून अक्षरशः पडल्यासारखा उतरला. अंगावर घोंगडं, पाय धुळीनं पांढरे. चितेगावचा शेतकरी होता, पैठण रस्त्यावरून सायकल मारत आला होता.

"डाक्टरसाहेब हायेत का?"

डॉक्टर बाहेर आले. त्याला दम लागलेला. एकेक शब्द तोडत त्यानं सांगितलं. बायको पहाटे बाळंत झाली. पोरगी झाली, पोरगी चांगली आहे. "पर वार पडंना, डाक्टरसाहेब. रगत थोडं थोडं चालूच हाय. सुईण म्हणती, आता माझ्या हातात नाय."

डॉक्टरांनी एकही प्रश्न विचारला नाही. आत वळले, मला म्हणाले, "मोठी बॅग घे. पाणी उकळायचं भांडं घे. आणि तू चल."

बाईमाणसाचं दुखणं असलं की ते मला न्यायचे. मी काही शिकलेली नव्हते. पण खोलीत त्यांच्याबरोबर एक बाई असली की तिथल्या बायका जरा मोकळ्या व्हायच्या. मी हात धरून बसायची, दिवा धरायची, सांगतील ते उकळून द्यायची. वयानं एकोणीस होते, पण नऊवारी नेसून गंभीर चेहरा केला की चालून जायचं.

चाचांनी गाडी अंगणातून फाटकापर्यंत ढकलून ठेवली होती. आम्ही बसलो. त्यांनी किल्ली फिरवली, स्टार्टर ओढला. नेहमी घर्रर्र आवाज यायचा. त्या दिवशी नुसतं "टक्" झालं. परत ओढला. टक्.

"उतरा," चाचा म्हणाले. "बाई, जरा समोर उभ्या राहा. मी दिवे लावतो, कसे लागतात ते सांगा."

मी समोर गेले. दिवे छान लागले होते, तसं सांगितलं. त्यांनी परत स्टार्टर ओढला आणि दिवे एकदम विझल्यासारखे झाले.

"गेले, चाचा!"

"हौ. म्हणजे करंट आहे, पण वाटेत अडतोय." ते उतरले, बॅटरीवरचं झाकण काढलं आणि तिच्या दोन्ही टोकांवर एकेक बोट ठेवलं. "हे गार आहे. हे बघा, हे तापलंय. जिथं जोड ढिला, तिथं करंट अडतो, आणि अडला की तापतो." मी बोट लावून पाहिलं. खरंच, एक टोक चहाच्या कपासारखं गरम होतं. त्यावर पांढरा-हिरवा थर चढला होता. मी वाटाण्यांसाठी चुलीवर ठेवलेलं आधण आणलं. चाचांनी तो थर धुतला, चाकूनं खरवडला, जोड घट्ट आवळला आणि स्टार्टर ओढला. इंजिन घर्रर्र फिरलं. शेतकऱ्यानं हात जोडले.

पण फिरलं, ते नुसतं फिरतच राहिलं. सुरू होईना.

"बास, बास. बॅटरी संपेल," चाचा म्हणाले. "आता हँडल मारा." डॉक्टरांनी समोरून हँडल मारलं, मग शेतकऱ्यानं मारलं. काही नाही. चाचांनी कार्ब्युरेटरशी नाक नेलं. "पेट्रोल येतंय. करंटच कुठंतरी दगा देतोय."

डॉक्टरांचा चेहरा मी कधी नव्हे इतका उतरलेला पाहिला. टांग्यानं चितेगाव म्हणजे दुपार झाली असती. त्यांच्या ओळखीच्या एका वकिलांकडं मोटार होती. "मी तिकडं जाऊन येतो," असं म्हणून त्यांनी शेतकऱ्याचीच सायकल घेतली आणि धोतर खोचून सुटले.

अंगणात आम्ही तिघं उरलो. चाचा, तो शेतकरी आणि मी.

चाचांनी एका प्लगची तार काढली. तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचं, कुणी हँडल मारलं की तारेतून लोखंडावर ठिणगी उडते. ठिणगी उडाली तर करंट पोचतोय, नाही तर नाही. हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं. शेतकऱ्यानं हँडल मारलं.

"नाही," चाचा म्हणाले. "ठिणगी नाही."

मी बाजूलाच उभी होते. तारेचं टोक लोखंडापासून चांगलं चार बोटं लांब होतं. एवढं अंतर ठिणगी कशी उडी मारणार, हे माझ्यासारखीलाही कळत होतं.

"चाचा, तार फार लांब धरलीय तुम्ही."

त्यांनी हात हलवला. तार लोखंडावर जाऊन टेकली. परत मागं घेतली, परत लांब गेली. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते तारेकडं बघतच नव्हते. मान किंचित वाकडी करून, कान पुढं करून, ठिणगीच्या आवाजाची वाट बघत होते. मग मला त्यांच्या डोळ्यांत तो राखाडी रंग दिसला. इतक्या दिवसांत मी त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलंच नव्हतं.

बॉनेटवरून फिरणारा हात, काचा चाचपणं, तो हॉर्न. सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. या माणसाच्या मागं बसून मी पैठण रस्ता किती वेळा पार केला होता!

"चाचा," मी हळू म्हणाले, "तुम्हाला दिसत नाही?"

त्यांनी तार खाली ठेवली. मग शेतकऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "दिसतं. धुकं पडल्यासारखं दिसतं. लांबचं कळतं, माणूस आहे, गाडी आहे, झाड आहे. बारीक नाही दिसत. दोन वर्षं झाली." आणि थोडं थांबून, "डॉक्टरसाहेबांना नक्को बोलू, बेटी. रस्ता मला पाठ आहे."

त्यांनी पहिल्यांदाच मला बेटी म्हटलं होतं. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. फाटकाबाहेर बघत उभा असलेला तो माणूस आणि चितेगावातली त्याची बायको, एवढंच डोक्यात होतं.

"मला सांगा काय बघायचं ते," मी म्हणाले. "मी बघते."

चाचांनी मान हलवली. त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं मला वाटलं. त्यांनी माझा हात धरून तार लोखंडापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर ठेवली, झटका बसू नये म्हणून तारेवरचं रबर सोडायचं नाही अशी ताकीद दिली. हँडल फिरलं. मी डोळे फाडून पाहिलं. ठिणगी खरंच नव्हती.

मग त्यांनी इंजिनाच्या बाजूची एक काळी टोपी काढली. त्यातून चार तारा चार प्लगांना जातात. आत दोन इवलेसे धातूचे ठिपके होते, इंजिन फिरलं की ते एकमेकांना चिकटायचे आणि सुटायचे. त्यांना चाचा पॉइंट म्हणत. "उघडझाप होतेय?" त्यांनी विचारलं. होत होती. "काळे पडलेत?" थोडे. त्यांनी माझ्याकडून ते पुसून घेतले. तरी ठिणगी नाही.

त्यांनी सीटखालून एक छोटा दिवा काढला. त्याला दोन तारा जोडलेल्या. एक तार गाडीच्या लोखंडाला अडकवली, दुसरी माझ्या हातात दिली. "आता आपण करंटच्या मागं मागं जायचं. जिथं दिवा लागेल तिथवर तो आलाय. जिथं लागणार नाही, त्याच्या जरा आधी चोर बसलाय."

मी डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या वहीतला एक कागद फाडून घडी केला आणि त्यांनी सांगितलं तसा दोन पॉइंटांच्या मधे सरकवला. मग चाचांची बोटं पुढं आणि माझी तार मागं. बॅटरीवर दिवा लागला. किल्लीपाशी लागला. कॉइल म्हणून एक नळकांडं असतं, त्याच्या एका टोकाला लागला, दुसऱ्या टोकाला मंद लागला. "मंद चालेल, मंदच लागतो," चाचा म्हणाले. टोपीखालच्या डब्याच्या बाहेरच्या स्क्रूवर लागला. डब्याच्या आत, पॉइंटच्या दांडीवर, तार टेकवली.

"नाही लागला."

"परत टेकवा."

"नाही लागला, चाचा."

बाहेरच्या स्क्रूपासून आतल्या दांडीपर्यंत जेमतेम दोन बोटं लांबीची, सुती कापड गुंडाळलेली बारीक तार होती. मी वाकून पाहिली. अगदी धड दिसत होती. "तार तर चांगली आहे," मी म्हणाले.

चाचांनी आत हात घातला आणि ती तार अंगठा आणि बोटाच्या मधे धरून हळूहळू पुढं सरकवत नेली. एका ठिकाणी थांबले. "इथं हात लावा. बाकी ठिकाणी कशी ताठ आहे? इथं मऊ आहे. आत हाड मोडलंय. वरून कातडं शाबूत, म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

मी बोट लावलं. खरंच, तेवढ्याच जागी ती तार वातीसारखी लिबलिबीत होती.

गाडीच्या छताला आतून एक दिवा होता, तो कधीच लागत नसे. त्याची बारीक तार चाचांनी कापली, दोन्ही टोकं दातांनी सोलली. आतला स्क्रू ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. तो मी बसवला. दोनदा हातातून निसटला, एकदा डब्यात पडला, तो मी डोक्यातला आकडा काढून त्यानं वर ओढला. चाचा माझ्या मनगटाखाली आपला तळहात धरून उभे होते, पडलाच तर झेलायला. "सबर. सबर से," एवढंच म्हणत होते. शेवटी स्क्रू आट्यात शिरला.

कागद काढला. तार दाण्याएवढ्या अंतरावर धरली. हँडल फिरलं आणि टच्च आवाज करत ठिणगी उडाली.

"उडाली! चाचा, उडाली!"

"रंग?"

"निळा. निळाशार!"

चाचांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले. मग टोपी बसवली, तारा जागच्या जागी लावल्या, प्रत्येक तार ओढून पाहिली. स्टार्टर ओढला आणि गाडी दोनदा खोकून सुरू झाली. शेतकरी हँडल हातात घेऊनच मटकन खाली बसला.

तेवढ्यात डॉक्टर आले, रिकामेच. वकिलांची मोटार जालन्याला गेली होती. आवाज ऐकून त्यांनी सायकल भिंतीवर टाकली. "शाबास, चाचा! चला, चला!"

चाचा चालकाच्या जागेवर बसले. डॉक्टर त्यांच्या शेजारी, शेतकरी मागं. मी दार धरून बाहेरच उभी राहिले. बोलले तर या माणसाची रोटी गेली. नाही बोलले तर, पुढचा विचार करवत नव्हता.

"अगं, बस ना!" डॉक्टर ओरडले.

चाचांनी माझ्याकडं मान वळवली. स्टिअरिंगवर ठेवलेले हात उचलले आणि खाली उतरले. "साहेब, आज गाडी तुम्ही घ्या."

"चाचा, ही काय वेळ आहे?"

"हौ, हीच वेळ आहे. मेरेकू दिखता नहीं, साब. बाईंना विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ते पलीकडं सरकले आणि स्टिअरिंग धरलं.

डॉक्टरांना गाडी येत होती, पण सवय गेलेली. चाचा शेजारी बसून इंजिनाच्या आवाजावरून सांगत होते, "आता दुसरा गियर टाका. आता सोडा. इथं चढ लागेल, तिसऱ्यावर जाऊ नका." रस्ता त्यांना पाठ होता, हे खोटं नव्हतं. कुठं ओढ्यावरची फरशी, कुठं खड्डा, सगळं आधी सांगत होते. एका ठिकाणी मात्र रस्त्यात कुणीतरी कडब्याची गाडी आडवी सोडून ठेवली होती. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी बाजूनं गाडी काढली. तेवढा वेळ चाचांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले होते, ते मी मागून पाहिलं.

चितेगावात ती बाई पांढरीफटक पडली होती, पण शुद्धीवर होती. माझ्यापेक्षा लहानच असेल. डॉक्टरांनी काम केलं, मी तिचा हात धरून बसले. तिनं माझ्या बांगड्या माझ्याच मनगटात रुतवल्या. तासाभरानं वार पडली आणि रक्त आटोक्यात आलं. डॉक्टर भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी पाणी मागितलं, तेव्हा मला कळलं की ती वाचली.

बाहेर आले तर चाचा गाडीपाशी उभे. शेतकऱ्यानं लेकीला आणून त्यांच्या हातात दिलं होतं. चाचांनी चेहरा अगदी तिच्या चेहऱ्याजवळ नेला होता. मग एका बोटानं तिचं कपाळ, नाक, हनुवटी हलकेच चाचपली. "नाक तीखं आहे हां," ते म्हणाले. "बापावर नाही गेली." शेतकरी सकाळपासून पहिल्यांदा हसला.

घरी आल्यावर डॉक्टरांनी चाचांना खुर्चीत बसवलं आणि टॉर्च घेऊन दोन्ही डोळे पाहिले. मोतीबिंदू होते, दोन्हींत.

"रागावलात, साहेब?" चाचांनी विचारलं.

"रागावलोय," डॉक्टर म्हणाले. "पण स्वतःवर जास्त. मी डॉक्टर माणूस. रोज समोर होतात तुम्ही."

ऑपरेशनला चाचा तयार होईनात. त्यांच्या वडिलांचा डोळा मोतीबिंदू सुईनं पाडणाऱ्या एका फिरत्या सुईवाल्यानं पार घालवला होता, ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. डॉक्टर रोज समजावायचे. शेवटी सरकारी दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या वेळी ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून कितीतरी दिवस उताणं निजवायचे. मान हलवायची नाही, दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

मी दुपारी जायची. काय बोलायचं कळेना, म्हणून गाडीबद्दल बोलायची. आज डॉक्टरांनी सुरू केली तेव्हा कट्कट् आवाज आला, किंवा हॉर्न मधेच गप्प होतो. चाचा पट्टीखालून ऐकायचे. "कट्कट् थंडीत येतो की तापल्यावर पण? हॉर्न वळणावर गप्प होतो का? मग तार स्टिअरिंगच्या दांडीत घासतेय." मी घरी येऊन बघायची आणि बहुतेक वेळा तसंच असायचं. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं की त्यांच्या ओठांना थोडं हसू यायचं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट एकदा मला म्हणाला, "तुमचे वडील लई हुशार आहेत." मी हो म्हणाले.

पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला. चाचा घरी आले त्या दिवशी मी तुळशीपाशी होते. ते फाटकातच थांबले आणि माझ्याकडं बघत राहिले.

"काय झालं, चाचा?"

"अरे," ते म्हणाले, "तुम तो बच्ची है!" त्यांचे डोळे भरून आले होते. भिंगामागं ते केवढे मोठे दिसत होते. "मला वाटायचं बाई तिशीच्या असतील. आवाज तसा. मी या पोरीला दोन वर्षं बाई बाई करतोय!"

त्यानंतर त्यांनी मला कधी बाई म्हटलं नाही.

गाडी त्यांनी परत चालवली नाही. डॉक्टर म्हणाले होते की चष्म्यानं चालवता येईल, पण चाचांनी मान हलवली. "एका डोळ्यानं मी माझ्यापुरता चालीन. तुमच्या बायकोला बसवून नाही." इंजिनाचं सगळं मात्र तेच बघायचे. आणि छावणीच्या मोकळ्या मैदानात त्यांनी मला गाडी शिकवली. मैदानाच्या कडेला बघ्यांची रांग लागायची. चाचा खाली उतरून त्यांना हाकलायचे आणि परत येऊन म्हणायचे, "हं, क्लच. सबर से."

हात बसल्यावर एकदा मी त्यांना त्यांच्या घरापर्यंत सोडलं. दारावर बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा होता. चाची पडद्याआडून माझ्याकडं बघत होत्या, मग त्यांनी मला आत ओढूनच नेलं. चहा दिला. चाचा बाहेर गाडीपाशी थांबले होते.

"मला माहीत होतं," चाची हळूच म्हणाल्या. "दोन साल. रोज सकाळी ते निघाले की मी जानमाज घालून दुवा मागत बसायची. त्यांच्यासाठी नाही, गाडीतल्या लोकांसाठी. सांगायला पाहिजे होतं मी. नाही सांगितलं."

त्यांचा हात माझ्या हातात होता, भांडी घासून खरखरीत झालेला. त्यांनीच विषय बदलला.

"मी कधी मोटारीत बसले नाही," त्या म्हणाल्या. "नवरा जिंदगीभर मोटारी हाकतोय."

मी कप खाली ठेवला. त्यांनी बुरखा घातला. चाचा पुढं माझ्या शेजारी बसले, चाची मागं, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. छावणीतून निघून आम्ही वेरूळच्या रस्त्याला लागलो. घाटाच्या अलीकडं मी वळवणार होते, पण मागून चाचींचा आवाज आला, "अजून थोडं पुढं, बेटी." म्हणून आम्ही पुढं गेलो.